सोडावे ते आपल्या वाट्याचे

प्रपंचात राहून परमार्थ करू पाहणाऱ्या माणसापुढे जे प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहतात, त्यांत पोटाच्या धंद्याचा प्रश्न मोठा आहे. हल्ली तो अधिकच ऐकू येतो. शेगावच्या श्रीगजाननमहाराजांची पालखी सोलापूरवरून मंगळवेढ्याच्या वाटेने पंढरीस जाते. त्या वाटेवर चार कोस बरोबर चालणारा तरुण मुक्कामाच्या ठिकाणी हळूच विचारतो, “महाराज, पगार बरा आहे, घरात काही कमी नाही, पण कामात जीव रमत नाही. सकाळी उठून जावंसंच वाटत नाही. हे सोडून मनासारखं काही करावं म्हणतो. चूक तर नाही ना होणार?”

विचारणारे निरनिराळे असतात. कोणी पुण्याच्या कंपनीत संगणकापुढे बसलेला सोलापूरचा मुलगा असतो. कोणी यंत्रमागावर बारा बारा तास उभा राहणारा असतो. कोणी पन्नाशीला टेकलेला कारकून असतो. त्याला शेती करावीशी वाटते. प्रश्न मात्र एकच : हातातले काम सोडून दुसरे धरावे की आहे त्यातच समाधान मानावे?

आपण वारकरी मंडळी या प्रश्नाला बहुधा दोनांपैकी एक उत्तर देतो. जुनी माणसे म्हणतात, “देवानं दिलंय ते गोड मानावं, नाम घ्यावं, धंदे बदलून सुख मिळत नसतं.” नवी माणसे म्हणतात, “मन सांगेल तेच करावं, आयुष्य एकदाच मिळतं.” पहिले उत्तर ऐकून तरुण गप्प बसतो, पण त्याचे समाधान होत नाही. दुसरे ऐकून तो उठतो, पण मन उद्या काही निराळेच सांगू लागले तर काय करायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून या विषयाचा थोडा सावकाश विचार केला पाहिजे. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात त्यासाठी लागणारे दाखले आहेत.

पहिला दाखला अरणच्या सावतामहाराजांचा. अरण हे माढे तालुक्यातले गाव. सावतोबा माळी होते आणि शेवटपर्यंत माळीच राहिले. त्यांनी मळा सोडला नाही, मोट सोडली नाही. इतकेच काय, पंढरी एवढी जवळ असूनही ते वारीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. आपल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल भेटला. आजही पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला येते. भक्ताने देवाकडे जायचे, तिथे देवच भक्ताकडे जातो. धंदा बदलू नये असे म्हणणारे सावतोबांकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांनी काय सोडले नाही एवढेच पाहून भागत नाही. ते काम त्यांनी कसे केले हेही पाहावे लागते. मळ्यात हात गुंतलेले असत, पण मन मोकळे असे. वाफ्याला पाणी देणाऱ्याला कोणाला फसवावे लागत नाही, कोणापुढे खोटे बोलावे लागत नाही. त्यांचे काम आणि त्यांचे भजन यांत भांडण नव्हते. म्हणून काम सोडण्याचे कारणही नव्हते.

यातून पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. कामाचा कंटाळा आला असे आपण म्हणतो, तेव्हा तो नेमका कशाचा आला आहे हे तपासावे. मागावर चादर विणणाऱ्याला कधी मागाचा कंटाळा येतो, कधी मालकाच्या तोंडाळपणाचा येतो, कधी अंगावर वाढलेल्या कर्जाचा येतो. कचेरीत बसणाऱ्याला कधी कामाचा वीट येतो, आणि कधी शेजारच्याला आपल्याआधी बढती मिळाली याचा येतो. मागाचा कंटाळा आला असेल तर माग सोडून उपयोग होईल. कर्जाचा आला असेल तर ते कर्ज दुसऱ्या धंद्यातही पाठीमागे येईलच. मत्सर तर माणूस कुठेही गेला तरी त्याच्याआधी जाऊन बसतो. असा तपास केल्यावर पुष्कळांना कळून येते की, आपल्याला काम नव्हे, कामाची रीत बदलायला हवी आहे. अशांना सावतोबांचा मळा हेच उत्तर.

परंतु सर्वांना नाही. इथे दुसरा दाखला येतो, आणि तो आपल्याला अवघड वाटेल असा आहे. सावतोबांच्याच काळाच्या जवळपास मंगळवेढ्याला चोखोबा होते. मेलेली जनावरे ओढणे, गावाची पडेल ती कामे करणे हे त्यांच्या वाट्याला आलेले काम. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबांचा देह पडला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारी समाधी दिली. चोखोबांनी आपले काम बदलले नाही, असे आपण म्हणू शकतो का? त्यांना ते बदलण्याची मोकळीकच नव्हती. सावतोबांनी मळा सोडला नाही ती त्यांची निवड होती. चोखोबांना वेस ओढावी लागली ती गावाची सक्ती होती. दोघांनाही एकाच समाधानाचा उपदेश करणे म्हणजे उपदेशाचाच अपमान करणे होय.

‘स्वधर्म’ हा शब्द या ठिकाणी फार जपून वापरावा लागतो. पूर्वी पुष्कळांनी त्याचा अर्थ जातीने आलेले काम असा लावला, हे नाकारून चालायचे नाही. त्या अर्थाने गावोगावी पिढ्यान् पिढ्या माणसे बांधून घातली. महार वतन म्हणजे तरी काय होते? थोडी जमीन, थोडे बलुते, आणि त्याबदली सबंध घराण्याने रात्रंदिवस गावाची चाकरी करायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध बिल आणले. ते वतन कायद्याने जायला पुढे १९५८ साल उजाडावे लागले. मध्यंतरी २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने एकोणिसाव्या कलमात प्रत्येक नागरिकाला कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क दिला. आज एखादा मुलगा “मला हे काम नको, ते करायचंय” असे सहज बोलतो. त्याच्या पणज्याला तसे बोलता येत नव्हते. तेव्हा काम बदलण्याची इच्छा म्हणजे नुसते चंचलपण, असे म्हणणारांनी एकदा मंगळवेढ्याच्या त्या भिंतीकडे पाहावे.

धर्म म्हणजे वागण्याची रीत. धंदा म्हणजे उपजीविकेचे साधन. तराजूचा काटा नीट धरणे हा वाण्याचा धर्म आहे, पण त्याने जन्मभर वाणीच राहावे असा त्याचा अर्थ नाही. काटा ठेवून तो उद्या पोरांना शिकवू लागला तरी खरेपणा त्याच्याबरोबर शाळेत येतोच. साधन बदलले म्हणून धर्म बदलत नाही. उलट जे साधन रोज खोटे बोलायला लावते ते धरून ठेवण्यात धर्म राहत नाही.

सोलापूर हे गिरणगाव. १८७७ साली इथे जुनी गिरणी सुरू झाली. मागाहून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. भोंग्यावर गावाची घड्याळे लावली जात. पुढे १९६०च्या दशकात जुनी गिरणी बंद पडली, आणि विसावे शतक संपता संपता बाकीच्यांचेही भोंगे थांबत गेले. ज्या हातांनी वीस वीस वर्षे साचे सांभाळले त्या हातांनी कोणी भाजीची गाडी ढकलली, कोणी रिक्षा चालवली, कोणी दुसऱ्याच्या दारावर पहारा केला. त्यांनीही काम बदलले. पण त्यांना कोणी विचारले नव्हते. आवडीचे काम की नावडीचे, हा प्रश्न मनात येण्याआधी संध्याकाळच्या भाकरीचा प्रश्न येत होता. तीच गोष्ट आपल्या शहरातील हजारो विडी कामगार भगिनींची. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली असते. तेंदूची पाने कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा आणि मान वर न करता हजाराचा आकडा गाठायचा. तंबाखूची पूड श्वासाबरोबर आत जाते. तिला जर आपण म्हटले, “माउली, आहे त्यात समाधान मान,” तर ते बोलणे शोभेल का?

समाधान ही फार मोठी वस्तू आहे. पण ते ज्याचे त्याने आपल्या मनात मानायचे असते, दुसऱ्याला मानायला लावायचे नसते. भरल्या पोटी बसलेल्याने राबणाऱ्याला समाधान शिकविणे यात संतांची शिकवण नाही. विडी वळणारी आई आपल्या मुलीला “तू हे करू नकोस, तू शीक,” असे म्हणते तेव्हा ती असंतोषी नसते. स्वतःचे दुःख ती गिळते आणि मुलीसाठी वाट मोकळी करते. हा त्यागच आहे.

तर मग काम बदलणे अयोग्य नाही, एवढे ठरले. आता खरा प्रश्न असा की, ते बदलावे कसे? याचे उत्तर तुकोबारायांच्या चरित्रात मिळते.

तुकोबांचे घर महाजनकीचे, सावकारीचे, दुकानदारीचे. १६३०च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. गुरे गेली, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. या धंद्यातून त्यांचे मन उठले आणि परमार्थाकडे वळले, हे आपण सर्व जाणतो. परंतु त्यातील एक गोष्ट कथेकरी भराभर सांगून पुढे जातात, तिथे क्षणभर थांबले पाहिजे. घरात लोकांकडून येणे असलेल्या कर्जाचे कागद होते. तुकोबांनी ते सगळेच इंद्रायणीत टाकले नाहीत. त्यांचे दोन वाटे केले. एक वाटा धाकट्या भावाला, कान्होबाला दिला, आणि आपल्या वाट्याचे तेवढे कागद पाण्यात सोडले.

मनाची एवढी मोठी उलथापालथ चालू असताना हा हिशेब करणे सोपे नाही. वैराग्याच्या भरात माणूस म्हणतो, “जाऊ दे सगळं!” पण ‘सगळं’ त्याचे एकट्याचे नसते. भावाला संसार करायचा होता. त्याचा वाटा बुडविण्याचा अधिकार तुकोबांनी आपल्या वैराग्याला दिला नाही. ज्याला आपले काम सोडून दुसरे धरायचे आहे त्याने हा दाखला मनात ठेवावा : सोडावे, पण आपल्या वाट्याचे सोडावे. मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे, बायकोचे दागिने, म्हाताऱ्या आईबापांचे औषधपाणी, बहिणीच्या लग्नाचे कबूल केलेले, हे आपल्या वाट्याचे नव्हे. ते पणाला लावून केलेल्या बदलाला धाडस म्हणण्यात अर्थ नाही. त्यात दुसऱ्याच्या ताटातले उचलणे आहे.

कोणी म्हणेल, तुकोबांच्या घरीही ओढाताण झालीच की! आवलीबाईंनी काय थोडे सोसले? खरे आहे. त्या माउलीचे कष्ट झाकून तुकोबांचे वैराग्य सांगू नये. एकाने वाट बदलली की घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी चार पावले जास्त चालावी लागतात, हे आवलीबाईंकडे पाहून कळते. म्हणून निर्णय घेण्याआधी ज्यांना ती पावले चालायची आहेत त्यांना विचारावे. आज तुकोबांचे नाव घेऊन नोकरी सोडणारे पुष्कळ आहेत. आवलीबाईंना विचारून सोडणारे थोडे आहेत.

तिसरा दाखला मंगळवेढ्याच्याच दामाजीपंतांचा. पंधराव्या शतकात बिदरच्या बादशाहीत ते या भागाचे अंमलदार होते. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, आणि सरकारी धान्याची कोठारे भरलेली होती. किल्ल्या पंतांच्या हातात. नोकरीचा कायदा सांगत होता, कोठार राखा. त्यांनी कोठारे उघडली. परंपरा सांगते की, पुढे विठू महाराच्या रूपाने देवाने धान्याचे मोल बिदरास पोचते केले, आणि पंतांनी चाकरी सोडून पंढरीचा रस्ता धरला. इथे कोणी आक्षेप घेईल : धान्य तरी पंतांच्या वाट्याचे कुठे होते? ते तर बादशहाचे! खरे, पण त्याबदली त्यांनी काय गहाण टाकले होते तेही पाहा. आपली मान. शिक्षा झाली असती तर ती त्यांना झाली असती. कोठारावर बसलेल्या शिपायाला पुढे करून ते मागे राहिले नाहीत. पदरी आलेल्या कामात राहून माणुसकी सोडावी लागत असेल, तर काम सोडणे हेच कर्तव्य होते. मात्र त्याची किंमत आपण मोजायची असते. तुकोबांचा आणि दामाजीपंतांचा न्याय असा एकच आहे.

हे सर्व जुने झाले, आता असे कुठे घडते, असे कोणाला वाटेल. म्हणून अलीकडचे एक उदाहरण सांगतो. ज्या माढे तालुक्यात सावतोबांचे अरण आहे, त्याच तालुक्यात परितेवाडी म्हणून लहानसे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले हे शिक्षक रुजू झाले. त्यांना संगणकाचे अभियंते व्हायचे होते. तसा कॉलेजात प्रवेशही घेतला होता. ते जमले नाही. वडिलांनी सुचविले म्हणून ते शिक्षकाच्या अभ्यासक्रमाला गेले, फारशा आवडीने गेले असेही नाही. परितेवाडीची शाळा म्हणजे एक पडकी खोली, शेजारी गुरांचा गोठा. त्यांनी तिथे जीव ओतला. मुलांच्या घरी जाऊन त्यांना शाळेत आणले. पाठ्यपुस्तकात चौकोनी सांकेतिक चिन्हे, म्हणजे क्यूआर कोड, छापून त्यांतून कविता आणि धडे मुलांना ऐकता-पाहता येतील अशी सोय केली. २०२० च्या डिसेंबरात त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. रक्कम दहा लाख डॉलर. त्यांनी ती अर्धी आपल्याबरोबर अंतिम फेरीत असलेल्या नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले.

या उदाहरणातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे तो अर्धा वाटा. तुकोबांची वाटणी वाचलेल्याला त्याचे मोल सांगावे लागत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपण समजतो की, आवडीचे काम आधीपासून कुठेतरी तयार असते आणि ते शोधून काढले की जीव रमतो. इथे तसे झालेले नाही. काम आधी आले, तेही मनात नसलेले. गोडी मागाहून लागली. ती गोडी पगाराने लावली नाही, समोर बसलेल्या मुलांनी लावली. झाड लावताना फळाची चव कळत नाही. पाणी घालीत राहावे लागते. म्हणून जो म्हणतो, “मला माझं आवडीचं काम सापडत नाही,” त्याला विचारावे, “बाबा, तुझ्या कामाची कोणाला गरज आहे? त्या माणसाचं तोंड तू कधी पाहिलंस का?” ज्या कामात आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो हे डोळ्यांना दिसते, त्या कामात बहुधा जीव रमतो. जिथे ते वर्षानुवर्षे दिसतच नाही, तिथे पगार कितीही असो, सकाळी उठून जावेसे वाटत नाही.

एक मधली वाटही आहे, आणि ती पुष्कळांना झेपण्यासारखी आहे. प्राचार्य सोनोपंत दांडेकर यांनी पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविले, तिथले प्राचार्यपदही सांभाळले, आणि त्याबरोबर जन्मभर ज्ञानेश्वरीची प्रवचने केली. कॉलेजने त्यांचे पोट भरले आणि प्रवचनाने मन. दोहोंत भांडण लागू दिले नाही. ज्याला गाण्याची, शिकविण्याची, रुग्णसेवेची, शेतीची ओढ आहे, त्याने लगेच नोकरी सोडलीच पाहिजे असे नाही. रविवार आहे, संध्याकाळ आहे. त्या वेळात वर्षभर ते काम करून पाहावे. वर्षानंतरही ओढ टिकली तर पुढचे पाऊल टाकावे. पुष्कळांची ओढ तीन महिन्यांत ओसरते, आणि मग नोकरी राखली होती याचे बरे वाटते.

शिवाय आवडीच्या वस्तूचा धंदा केला की ती वस्तू तशीच राहील असे नाही, हेही ओळखून असावे. आपल्या संप्रदायात कीर्तनाचे मोल घेऊ नये असा जुना दंडक आहे, तो उगीच नाही. कीर्तनावर चूल पेटू लागली की श्रोत्यांना काय रुचेल ते आधी सुचते आणि काय सांगायला हवे ते मागे पडते. जे कीर्तनाचे तेच इतर कलांचे. काही आवडी पोटापासून दूर ठेवल्या तरच निर्मळ राहतात.

तात्पर्य, ज्याला काम बदलायचे आहे त्याने चार गोष्टी मनाशी विचाराव्यात. मला वीट आला आहे तो कामाचा की माझ्याच लोभाचा आणि मत्सराचा? या कामात राहून मला खोटेपणा किंवा निर्दयपणा करावा लागतो का? लागत असेल तर फार काळ थांबू नये. नव्या कामाने कोणाचे भले होईल, आणि ते मला दिसते आहे का? आणि या बदलाची किंमत कोण मोजणार. मी, की माझ्या नावाने दुसरे कोणी? पहिल्या तिहींची उत्तरे चांगली आली आणि चौथ्याचे वाईट आले, तर थोडा थांब. आधी कान्होबाचा वाटा बाजूला काढ.

आणि ज्यांना विचारले जाते त्या आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. पोर प्रश्न घेऊन आले की त्याच्या तोंडावर समाधानाचा उपदेश फेकू नये. “जा, कर मनासारखं,” असे म्हणून मोकळेही होऊ नये. त्याच्याजवळ बसावे. घरात कोण कोण आहे, देणे किती, हाती काय, हे विचारावे. जमल्यास पहिले सहा महिने त्याच्या घरचा भार थोडा उचलावा. वारीत एखाद्याचे पाय सुजले तर आपण त्याचे गाठोडे आपल्या खांद्यावर घेतो आणि तो पुढचा मुक्काम गाठतो. प्रपंचाच्या वाटेवरही तेवढे करता आले तर करावे.

रामकृष्णहरि.